पाच पक्ष होते तेच बरं होतं! (फ्रेंच समाजवाद्यांच्या फुटीची बाजू घेऊन)

जुनाट

समाजवाद्यांचा विषय निघाला की फुटीचा विनोद ठरलेलाच. आपल्याकडे प्रसोपा-संसोपावर (प्रजा समाजवादी आणि संयुक्त समाजवादी पक्षांवर) तो संपतो. जरा जास्त वाचलेला माणूस १९०५ पूर्वीचा फ्रान्स काढतो: बघा, एका विचाराचे पाच पक्ष, वीस-पंचवीस वर्षं आपसात भांडले, शेवटी झोरेसने मोट बांधली तेव्हा कुठे गाडं चालू लागलं. मला ही गोष्ट पटत नाही. पाच पक्ष होते म्हणून समाजवाद फ्रान्सभर पोचला, आणि १९०५ च्या एकीसाठी काय मोजावं लागलं याचा हिशोब कुणी मांडत नाही, असं माझं मत आहे.

पात्रं आधी सांगतो. १८७१ चा पॅरिस कम्यून, म्हणजे पॅरिसकरांनी बंड करून काढलेलं स्वतःचं सरकार, रक्तात बुडवला गेला, त्यानंतरची कितीतरी वर्षं सगळं थंड. ऑक्टोबर १८७९ मध्ये मार्सेयच्या कामगार परिषदेत पक्ष काढायचं ठरलं. पुढच्या मे महिन्यात ज्यूल गेद लंडनला गेला आणि मार्क्स, एंगल्स आणि मार्क्सचा जावई लाफार्ग यांच्याबरोबर बसून कार्यक्रम तयार करून आला. प्रस्तावना तर मार्क्सने तोंडी सांगितली नि याने उतरवून घेतली. १८८० संपायच्या आत ल हाव्रला तो मंजूरही झाला, आणि दोन वर्षांत पक्ष फुटला. सप्टेंबर १८८२, सँतेत्येन. बहुमत डॉ. पॉल ब्रूसकडे. गेदचे मूठभर लोक सभागृहातून उठले, त्याच जिल्ह्यातल्या रोआनला गेले आणि तिथे आपली वेगळी परिषद भरवून मोकळे झाले. ब्रूसचं म्हणणं साधं होतं: सगळं एकदम मागत बसू नका, ध्येयाचे टप्पे पाडा, आज जमेल ते आज पदरात पाडून घ्या. गेदच्या गोटाने हिणवून त्यांना 'पॉसिबिलिस्ट' म्हटलं, तेच नाव चिकटलं. १८९० मध्ये ब्रूसपासून झाँ आलमान सुटला. हा छापखान्यात खिळे जुळवणारा, कम्यूनमध्ये लढल्याबद्दल न्यू कॅलेडोनियात सक्तमजुरी भोगून आलेला. चौथे जुन्या क्रांतिकारक ब्लांकीचे चेले, एदुआर व्हायाँच्या मागे. पाचवे कुणाच्याच शिस्तीत न बसणारे अपक्ष: मिलराँ, विव्हियानी, आणि कार्मोच्या खाणकामगारांच्या संपानंतर झोरेस.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. गेदचा पक्ष उत्तरेत, रूबे-लीलच्या कापडगिरण्यांत. आलमान पॅरिसच्या कारागिरांत. व्हायाँ पॅरिसच्या विसाव्या विभागात आणि आपल्या जन्मगावाकडे, शेर जिल्ह्यात. झोरेस दक्षिणेत तार्नच्या खाणकामगारांत आणि काचकामगारांत. यातल्या एकाची भाषा दुसऱ्याच्या मुलखात चालली नसती. गिरणीत बारा तास उभ्या राहणाऱ्या विणकराला गेदची 'वर्ग विरुद्ध वर्ग' ही सरळ मांडणी कळायची; तीच पॅरिसच्या छापखान्यात कुणी मांडली असती तर लोक हसले असते. १८९३ च्या निवडणुकीत हे सगळे मिळून चाळीसच्या वर निवडून आले. पाच पक्ष असताना!

बोला.

धोपटमार्ग

वाचायला मजा आली, पण 'असताना' आणि 'म्हणून' यांत फरक आहे, जुनाटराव.

जुलै १८८९ विसरलात? क्रांतीची शताब्दी, पॅरिसमध्ये जगभरचे समाजवादी येणार, आणि यजमानांनी काय केलं? एकाच शहरात एकाच आठवड्यात दोन आंतरराष्ट्रीय परिषदा भरवल्या. रू द लांक्रीवर ब्रूसवाल्यांची, साल पेत्रेलमध्ये गेदवाल्यांची. बाहेरून आलेल्यांनी आधी हे शोधायचं की आपण कुठल्या दारातून आत जायचं. नशीब, दुसऱ्या परिषदेतून १ मेचा ठराव निघाला, नाहीतर ती शताब्दी हास्यास्पदच ठरली असती.

दुसरं म्हणजे कामगार संघटना. १८८४ च्या कायद्याने संघटना अधिकृत झाल्या. १८८६ मध्ये राष्ट्रीय महासंघ निघाला, तो गेदवाल्यांनी ताब्यात घेऊन पक्षाचं शेपूट करून टाकला. १८९४ च्या नांत परिषदेत सार्वत्रिक संपाचा ठराव बहुमताने आला तसे गेदवाले उठून गेले (यांना उठून जायची सवयच). पुढच्याच वर्षी सेजेते हा नवा महासंघ जन्मला तो 'कुठलाच पक्ष नको' म्हणत. १९०६ ला आमियाँच्या सनदेत तसं लिहूनच ठेवलं, विरोधात फक्त ८ मतं पडली. जर्मनीत पक्ष आणि संघटना हातात हात घालून होत्या, इंग्लंडात संघटनांनीच पक्ष काढला. फ्रान्समध्ये दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली, ती तुमच्या पाच पक्षांच्या रोजच्या कटकटीला विटून.

सूतगिरणी

गेदला झोडपायची फॅशन जुनीच आहे, म्हणून रूबेचं थोडं सांगते.

१८९२ मध्ये रूबेची नगरपालिका गेदच्या पक्षाने जिंकली. आँरी कारेत महापौर झाला. नगरपालिकेत बसलेली माणसं कोण? कालपर्यंत मागावर असलेली, आणि संपात नाव आल्यामुळे गिरणीमालकांनी दारात उभं करायचं बंद केलेली. यातल्या कित्येकांनी पोटासाठी लहानशी दारूची दुकानं टाकली होती. स्वतः कारेतही त्यांतलाच. पक्षाच्या सभा याच दुकानांत भरायच्या, मालकाची माणसं तिथे यायची नाहीत ना. या लोकांनी शाळेत पोरांना जेवण सुरू केलं. नगरपालिकेचं औषधाचं दुकान काढायचा बेत केला, तो वरच्या प्रशासनाने हाणून पाडला. प्रतिष्ठित वर्तमानपत्रं थट्टा करत राहिली. पुढच्या वर्षी याच रूबेने गेदला लोकसभेत पाठवलं.

म्हणजे ज्याला तुम्ही सगळे पोथीनिष्ठ म्हणता त्याच्याच पक्षाने पोरांच्या ताटात जेवण वाढलं. ब्रूस सांगत होता ते गेदच्या माणसांनी जास्त केलं, फक्त त्याला 'क्रांतीची तयारी' असं नाव दिलं. आणि हे जमलं कारण पक्ष त्यांच्या हातात होता. पॅरिसच्या वकिलांशी आणि संपादकांशी तडजोड करत बसावं लागलं असतं तर त्या दारूच्या दुकानातल्या माणसाला उमेदवारी मिळाली असती का?

जुनाट यांच्या मुद्द्याशी +१, पण गेदच्या बाजूने.

तिरकस

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

@सूतगिरणी, गेदच्या शुद्धतेचं फारच कौतुक चाललंय म्हणून टाचणी लावतो. १८८० च्या कार्यक्रमात किमान वेतनाची मागणी गेदने हट्टाने घुसवली. मार्क्सला ती मुळीच मान्य नव्हती. गेदचा हिशोब असा की मागण्या मंजूर व्हायच्याच नाहीत, मग कामगारांचे डोळे उघडतील. मार्क्सला मात्र त्या खरोखर पदरात पाडून घ्यायच्या होत्या. 'हा मार्क्सवाद असेल तर मी मार्क्सवादी नाही' हे त्याचं प्रसिद्ध वाक्य एंगल्सने नोंदवून ठेवलंय, ते याच फ्रेंच मंडळींना उद्देशून.

मग १८९४ ला नांतमध्ये याच पक्षाने शेतकऱ्यांची मतं हवीत म्हणून छोट्या जमीनमालकांना 'तुमची जमीन राखू' असं आश्वासन दिलं. सामूहिक मालकीवाला पक्ष! म्हाताऱ्या एंगल्सला त्यावर लांबलचक टीका लिहावी लागली.

तेव्हा पोथी होती, पण निवडणूक आली की ती कपाटात जायची. बाकी चालू द्या.

अक्का

सगळ्या प्रतिसादांत एकाही बाईचा उल्लेख नाही, म्हणून लिहिते.

मार्सेय १८७९. ज्या परिषदेत हा पक्ष जन्मला तिथे युबर्तीन ओक्लेर उभी राहिली आणि तिने स्त्रियांच्या संपूर्ण समानतेची मागणी केली. ती मंजूरही झाली. मताधिकारासकट समानता मान्य करणारा पक्ष, १८७९ मध्ये! नंतर काय झालं? फूट पडली तेव्हा दोन्हीकडच्यांना कार्यक्रमातली ती ओळ चालत होती, पण तिच्यासाठी लढायला कुणीच तयार नव्हतं. ओक्लेर वैतागून बाहेर पडली आणि तिने आपली चळवळ वेगळी चालवली. फ्रेंच बायकांना मत मिळालं १९४४ ला.

मला विचाराल तर पाच पक्ष काय नि एक पक्ष काय. भांडण 'मंत्रिपद घ्यायचं की नाही' यावर होतं, 'मत कुणाला' यावर कधी झालंच नाही. कुठलाही गट या कारणावरून उठून रोआनला गेला नाही.

जुनाट

अक्का, यावर माझ्याकडे उत्तर नाही. मुद्दा मान्य.

धोपटमार्ग, संघटनांचा मुद्दा जड आहे. पण संघटना पक्षांपासून दूर गेल्या त्याला फुटीपेक्षा गेदवाल्यांनी घेतलेला ताबा जास्त कारणीभूत आहे, असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. एकच पक्ष असता आणि त्यावर गेदची पकड असती, तर संघटना दूर गेल्या नसत्या? आलमानचे लोक तर संघटनांच्या सर्वांत जवळचे. सार्वत्रिक संपाचा पुरस्कार करणारे तेच.

आलमानची शिस्तही ऐकण्यासारखी आहे. निवडून आलेल्याने भत्त्यातला मोठा वाटा पक्षात भरायचा आणि तारीख न घातलेला राजीनामा सही करून आधीच पक्षाकडे ठेवायचा. माणूस बिघडला की पक्ष तारीख घालणार! १८९६ ला काही खासदारांनी पैसे द्यायला नकार दिला आणि तिथेही फूट पडली. :)

आता माझे दोन मुख्य मुद्दे. पहिला, जनरल बुलांजे. १८८९ च्या सुमारास हा घोड्यावरचा सेनापती प्रजासत्ताक गिळायला निघाला होता आणि गरिबांची मतं खेचत होता. ब्लांकीच्या चेल्यांतला एक मोठा गट त्याच्या नादी लागला. गेदवाले 'दोन्ही बाजू भांडवलदारांच्याच' म्हणत तटस्थ. ब्रूसचे लोक मात्र उघडपणे प्रजासत्ताकाच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा जोफ्रँ मोंमार्त्रमध्ये थेट बुलांजेविरुद्ध लढला. मतं बुलांजेला जास्त पडली, पण तो अपात्र ठरलेला असल्याने जागा जोफ्रँला मिळाली. एकच पक्ष असता तर त्याची भूमिका काय ठरली असती? बहुधा तटस्थतेची.

दुसरा, ड्रेफस, हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झालेला ज्यू लष्करी अधिकारी. जानेवारी १८९८ मध्ये समाजवादी खासदारांचं पत्रक निघालं: हे भांडवलदारांच्या दोन टोळ्यांचं भांडण, कामगारांनी त्यात पडू नये. गेद आणि व्हायाँ त्याच मताचे राहिले. झोरेस मात्र त्या उन्हाळ्यात ड्रेफसच्या निर्दोषत्वाचे पुरावे एकामागून एक छापत गेला, आणि आलमानचे लोक तर त्याच्याही आधी उतरले होते. शिस्तबद्ध एकसंध पक्षात झोरेसला गप्प बसवलं असतं. तो बोलू शकला कारण त्याच्यावर कुणाचा हुकूम चालत नव्हता.

धोपटमार्ग

ड्रेफसचा मुद्दा चांगला आहे. पण झोरेसने आवाज कशाच्या जोरावर उठवला? पक्षाच्या नव्हे, स्वतःच्या वाणीच्या आणि एका वर्तमानपत्राच्या. म्हणजे तुमचा सगळ्यात चांगला दाखला पक्षांबाहेरच्या माणसाचा आहे. १८९८ च्या मे महिन्यात गेद रूबेत गिरणीमालक मोतकडून पडला आणि झोरेस कार्मोत खाणमालक मार्कीकडून. ज्या मालकांशी रोज लढाई त्याच मालकांनी दोघांना घरी बसवलं. या काळात ही मंडळी एकमेकांवर लेख लिहीत होती.

आणि १८९९ कसं विसरता? जूनमध्ये मिलराँ वाल्देक-रूसोच्या मंत्रिमंडळात गेला. शेजारच्या खुर्चीवर युद्धमंत्री कोण? जनरल गालिफे. कम्यूनच्या कैद्यांच्या रांगेतून हिंडत 'याला काढा, त्याला काढा' म्हणून माणसं गोळ्या घालायला निवडणारा. व्हायाँ कम्यूनचा शिक्षणप्रमुख होता. आलमान त्याच कम्यूनपायी काळ्या पाण्यावर गेलेला. यांना कुणी विचारलं? मिलराँने कुणालाही न विचारता पद घेतलं, कारण विचारावं असा पक्षच नव्हता. तुमच्या मोकळेपणाची ही दुसरी बाजू.

सूतगिरणी

+१००. यावर डिसेंबरात साल जापीमध्ये परिषद झाली. वर्गलढ्यात असं मंत्रिपद बसतं का, या प्रश्नावर ८१८ विरुद्ध ६३४ मतांनी उत्तर आलं, 'नाही'. लगेच दुसरा ठराव: अपवादात्मक परिस्थितीत विचार करता येईल. दोन्ही मंजूर! :ड

जुनाट

गालिफेचं समर्थन मी करणार नाही, कुणीच करू नये. पण त्या मंत्र्याने केलं काय ते तरी पाहा. ३० मार्च १९०० चा कायदा: जिथे बायका, मुलं आणि पुरुष एकत्र काम करतात तिथे दिवस आधी अकरा तासांचा, दोन वर्षांनी साडेदहा, चार वर्षांनी दहा. सरकारी कंत्राटांत मजुरी आणि तासांच्या अटी. याआधी कुठल्या समाजवाद्याने विणकराचे तास कायद्याने कमी करून दाखवले होते?

सूतगिरणी

अर्धीच गोष्ट सांगताय. १८९२ च्या कायद्याने सोळा वर्षांखालच्या मुलांना दहा तासांची मर्यादा होतीच. मिलराँने सगळ्यांना एका रांगेत आणण्यासाठी मुलांचे तास दहावरून अकरा केले! काही वर्षांपुरते का होईना, वाढवले. माझ्या गेदने यावर रान उठवलं ते उगाच नाही. शिवाय जून १९०० मध्ये शालों-स्युर-सोनला संपवाल्यांवर गोळीबार झाला, तेव्हा 'आपला माणूस' मंत्रिमंडळातच होता.

तिरकस

आणि पहिल्या दिवशी ना कारखाने मोजणारे पुरेसे होते, ना तास मोजणारे. कायदा कागदावर आणि भोंगा मालकाच्या हातात. दहा तासांवरून अकरा केले हे मात्र मला नवीन होतं, आभार.

एक चित्र या सगळ्यात राहून जातंय, ते टाकतो. कोमाँत्रीचा क्रिस्तोफ तिव्रिए. खाणकामगार, १८८२ मध्ये गावचा महापौर झाला. समाजवादी महापौर म्हणून बहुधा जगातला पहिला. १८८९ ला लोकसभेत गेला तो कामगाराचा निळा सदरा अंगात घालून. सगळं सभागृह काळ्या कोटात आणि हा मधोमध निळा. कोट घाल म्हणून समजावणाऱ्यांना त्याने दाद दिली नाही. १८९४ मध्ये भर सभागृहात 'कम्यून झिंदाबाद' ओरडला म्हणून त्याला शिपाई लावून बाहेर काढलं. हा कुठल्या पक्षाचा हे त्याच्या मतदारांपैकी कितीजणांना माहीत असेल? सदरा ओळखीचा होता.

पोटमाळा

जरा अवांतर, पण धाग्याला लागून. ऑगस्ट १९०४ ची आम्स्टरडॅमची आंतरराष्ट्रीय परिषद, जिने फ्रेंचांना 'एका देशात एकच पक्ष' असा जवळजवळ आदेशच दिला, तिथे व्यासपीठावर आपले दादाभाई नौरोजी होते. वय ७८. ब्रिटिश राज्यात हिंदुस्थान कसा लुटला जातोय ते त्यांनी सांगितलं आणि त्यांच्या मानार्थ सगळं सभागृह उठून उभं राहिलं. त्याच परिषदेत झोरेसने जर्मनांच्या बेबेलला तोंडावर सुनावलं की तुमची मतं लाखांत, पण सत्तेच्या नावाने शून्य, आणि तुम्ही आम्हाला शिकवताय. झोरेसला सोयीची दुरुस्ती २१-२१ अशी अडकून पडली आणि गेदच्या बाजूचा, भांडवलदारांच्या सरकारात मंत्रिपद नको असा ठराव पास झाला.

एकीकरणाचा आपल्याला झालेला फायदाही सांगतो. जुलै १९१० मध्ये सावरकर मार्सेयला 'मोरिया' बोटीतून उडी मारून किनाऱ्याला लागले आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना परत इंग्रजांच्या हाती दिलं, तेव्हा ओरड कुणी केली? झोरेसच्या 'ल्युमानिते'ने, आणि मार्क्सचा नातू झाँ लाँगे याने. मॅडम कामांची या मंडळींशी ओळख होती. मागे एक राष्ट्रीय पक्ष आणि त्याचं दैनिक होतं म्हणून प्रश्न फ्रेंच सरकारला टाळता आला नाही, थेट हेगच्या लवादापर्यंत गेला. निकाल विरोधात लागला ही गोष्ट वेगळी.

जुनाट

पोटमाळा, दैनिकाची तारीख बघा. 'ल्युमानिते' निघालं १८ एप्रिल १९०४ ला. पक्षाचं एकीकरण एप्रिल १९०५. दैनिक आधीचं. :)

पण आम्स्टरडॅम काढलंत ते बरं झालं. माझा हिशोब तिथूनच सुरू होतो. झोरेसने हार पत्करली, एकीसाठी मंत्रिपदाचा मार्ग कायमचा सोडला. ब्रियाँ आणि विव्हियानी यांना ती अट नको होती, ते बाहेर पडले. याच ब्रियाँने पंतप्रधान म्हणून १९१० चा रेल्वे संप मोडला, संपकऱ्यांना सैनिकी हुकमाखाली आणून. सगळ्यात कर्तबगार माणसं पलीकडे गेली आणि झोरेससारखा माणूस आयुष्यात एकदाही मंत्री झाला नाही. आणि ज्याच्या अटीवर हे झालं तो गेद? ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध लागल्याबरोबर मंत्रिमंडळात जाऊन बसला. तेही विव्हियानीच्या!

धोपटमार्ग

ब्रियाँ एकसंध पक्षात राहिला असता तर संप मोडला नसता? काहीही हं. असली माणसं गेली ते पक्षाचं नशीब. आणि एकीचा हिशोब मांडायचाच तर पुरा मांडा: १९०५ ला सदस्य पस्तीस हजारांच्या आसपास. १९१४ च्या वसंतात चौदा लाख मतं आणि शंभरावर खासदार. हे पाच दुकानांनी करून दाखवलं असतं का? तीन वर्षांच्या सक्तीच्या लष्करी सेवेविरुद्ध, युद्धाविरुद्ध देशभर एका आवाजात सभा भरल्या त्या एका पक्षाच्या होत्या. ३१ जुलैला झोरेसचा खून झाला, त्यानंतर काय झालं याचा दोष एकीवर टाकू नका.

जुनाट

खुनाचा दोष नाही टाकत. पण डिसेंबर १९२० मध्ये टूरला हा पक्ष तुटला, तीन हजारांवर मतं मॉस्कोच्या (कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या) बाजूने, हजाराच्या आसपास विरोधात. बहुमतवाले दैनिकसुद्धा घेऊन गेले. एकसंध पक्ष पंधरा वर्षं टिकला. जे टाके १९०५ ला घातले होते ते नेमके तिथेच उसवले.

सूतगिरणी

नेमके तिथे नाही उसवले. जुने गेदवाले मॉस्कोच्या बाजूने जायला हवे होते तुमच्या हिशोबाने. गेद स्वतः गेला नाही, जुन्या घरातच राहिला. आणि लील-रूबेचा उत्तरेकडचा बालेकिल्ला बहुतांशी त्याच्याबरोबर राहिला. नगरपालिका होती ना हातात, शाळेतलं जेवण कोण सोडणार?